सतरंजीवरचे डाग

३ ऑगस्ट, सोमवार, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे

दवाखान्याच्या मधल्या अंगणात उकिडवा बसून ओल्या फडक्याने पाने पुसत होतो, तेव्हा पहिला डाग दिसला. वही आजपासूनच सुरू करतो. भाऊजी म्हणतात माझ्या लक्षात काही राहत नाही. राहते, पण त्यांच्यासमोर उभा राहिलो की पुढचे मागे होते. लिहिताना तसे होत नाही.

आधी सगळे नीट मांडतो. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. डोळ्यांच्या दवाखान्याच्या बागेचे कंत्राट त्यांचे आहे. मे महिन्यात फांदी छाटताना ते शिडीवरून पडले, पाठ धरली, तेव्हापासून पलंगावर आहेत. मी नववीनंतर शाळा सोडून त्यांच्याच हाताखाली लागलो होतो, आता एकटाच सगळे बघतो. राहायलाही त्यांच्याकडेच. ताई कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असते, पण तिच्या पगारात भाडे जेमतेम निघते. बाकीचे घर या कंत्राटावर चालते, आणि ते सप्टेंबरअखेर संपते. पुढे द्यायचे की नाही हे मॅनेजर ठरवणार.

मधल्या अंगणात मोठ्या झाडांची दाट सावली आहे. तिथे गवत धरत नाही. भाऊजींनी अकरा वर्षांपूर्वी जमिनीलगत पसरणारे एक झुडूप लावले. त्याचे खरे नाव रोपांबरोबर आलेल्या चिठ्ठीवर होते, पण ते कोणाच्याच तोंडात बसले नाही. आम्ही त्याला सतरंजी म्हणतो. घोट्याएवढी उंची, चकचकीत पाने, बाराही महिने हिरवी. भिंतीपासून भिंतीपर्यंत माती म्हणून दिसत नाही आणि भाऊजींना त्याचाच अभिमान. ज्यांचे ऑपरेशन झाले त्यांची पट्टी इथे अंगणात, बाकावर बसवून सोडतात. उन्हाचा त्रास होत नाही आणि समोर हिरवे असते.

डाग फाटकाजवळच्या कोपऱ्यात आहे. तपकिरी, आणि त्यात एकाबाहेर एक कडी, कापलेल्या ओंडक्यावर असतात तशी. शेजारच्या तीन पानांवर तसेच, पण लहान.

४ ऑगस्ट, मंगळवार

संध्याकाळी भाऊजींना सांगितले. त्यांनी विचारले, डाग केवढा, कडी किती, पान वाळले आहे की लिबलिबीत. मी सगळे सांगितले. मग म्हणाले, “पान कुठंय?”

आणले नव्हते.

“कारकून,” ते म्हणाले. ते मला कारकूनच म्हणतात. “डाग वहीत उतरवून आणलास, पान तेवढं राहिलं.”

त्यांच्या मते पानांवर धूळ आणि झाडांचा चिकटा बसला असणार. रोज संध्याकाळी पाइपने वरून पाणी मारून सतरंजी धुऊन काढायची, आणि सकाळचे पुसणे चालू ठेवायचे. हे सांगताना त्यांनी दोनदा वाढून घेतले. ताई त्यांच्या ताटाकडे बघत बसली होती, तिचे स्वतःचे तसेच होते.

७ ऑगस्ट, शुक्रवार

रोज पहाटे पाने ओली असतानाच जातो, ओल्यावर डाग उठून दिसतात. फाटकाच्या कोपऱ्यापासून सुरुवात करतो. डागाचे प्रत्येक पान कात्रीने कापतो आणि मग आजूबाजूची चांगली पाने फडक्याने पुसत पुसत पुढे सरकतो. भिंतीच्या कडेने बाकांपर्यंत, तिथून ऑफिसच्या खिडक्यांखाली, आणि बादलीतले पाणी बदलून शेवटी मधला भाग. सगळे होईपर्यंत नऊ वाजतात. एकही पान सुटत नाही. पाठ भरून येते, पण भाऊजींची पाठ आठवली की तक्रार करवत नाही.

पहारेकरी म्हणाला, इतकं तर आम्ही पोरांचं तोंड पुसलं नाही.

संध्याकाळी पाइप.

११ ऑगस्ट, मंगळवार

डाग आता बाकांपर्यंत आले आहेत. खिडक्यांखाली काल काही नव्हते, आज सहा झुपके खराब. मधला भाग अजून चांगला आहे. मला कळत नाही की रोग मधला भाग टाकून खिडक्यांखाली कसा गेला. मी ज्या वाटेने काम करतो त्याच वाटेने तोही चालला आहे, मागून येतो असे वाटते. उद्यापासून आणखी लवकर जाईन.

सहा दिवस ऊन नाही. कपडेही वाळत नाहीत.

१२ ऑगस्ट, बुधवार

भाऊजींना तपासायला डॉक्टर आले होते. म्हणाले, हाड जुळले आहे, आता रोज थोडे चालायला हवे, नाहीतर पाय धरतील. भाऊजी म्हणाले, उद्यापासून. डॉक्टर म्हणाले, मागच्या महिन्यातही उद्यापासूनच होतं. ताई त्यांना सोडायला जिना उतरून गेली आणि बराच वेळ वर आली नाही.

मी ठरवले की पडून असलेल्या माणसाला रोज वाईट बातमी द्यायची नाही. त्यांनी विचारले तेव्हा म्हणालो, ठीक आहे, आटोक्यात आहे. ते “बरं” म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. निदान त्यांना झोप तरी लागली.

१७ ऑगस्ट, सोमवार

पाच दिवस ठीक आहे, ठीक आहे असेच सांगत आलो. खोटे बोलायची सवय नाही. बागेत निम्मी सतरंजी तपकिरी झाली आहे. खोडे काळी पडली आहेत, झुपक्यांनी बसकण मारली आहे. कापलेल्या पानांची रोज दोन पोती होतात.

भाऊजी दोन घास खातात आणि ताट सरकवतात. दाढी केलेली नाही. मी काही बोललो तर “तू बघ ना, तुला जमतंय” एवढेच म्हणतात. एका अर्थाने बरे वाटले, पहिल्यांदाच म्हणाले की मला जमते.

ताईने मला स्वयंपाकघरात बोलावून विचारले, बागेत खरंच सगळं बरं आहे का. मी तिला खरे सांगितले. मला वाटले ती घाबरेल. तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, “सगळं सांग त्यांना. काही लपवू नकोस. आणि जेवायच्या आधी सांग, नंतर नको.”

मी म्हणालो, अगं, त्यांचं जेवण जाईल.

“तू सांग तर.”

ताई पूर्वी इतकी कठोर नव्हती. दिवसभर उभे राहून माणूस असे होत असेल.

१९ ऑगस्ट, बुधवार

आज सांगितले. पानेही नेली, ओल्या कागदात गुंडाळून. वाटेत तीनदा ठरवले की न सांगता परत फिरावे.

सगळे ऐकून घेतल्यावर भाऊजी म्हणाले, “उशी लाव मागे.” मी उशी शोधेपर्यंत ते स्वतःच हातांवर रेटा देऊन उठून बसले. मग माझी खरडपट्टी निघाली. डोळ्यांच्या दवाखान्यात काम करतोस आणि डोळे घरी ठेवून जातोस का, म्हणाले. निम्मी जाईपर्यंत काय करत होतास. कोणी सांगितलं होतं तुला माझी काळजी करायला. हे सगळे मी मान खाली घालून ऐकले. मध्येच त्यांनी ताईकडे चहा मागितला, तो पिऊन पुढे सुरू केले.

मग दिव्याखाली पान उलटे करून बघितले. देठाजवळ गुलाबीसर दाणे होते, रव्याएवढे. त्यांनी ते नखाने उचलले, चोळले, वास घेतला.

“धूळ नाही ही,” ते म्हणाले. “काय आहे ते मला ठाऊक नाही.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. मला फार वाईट वाटले. त्यांना मात्र काही वाटले नसावे, कारण लगेच भूक लागली म्हणाले आणि नेहमीपेक्षा जास्त जेवले. उद्या पाने घेऊन बी-बियाण्यांच्या दुकानात जायचे.

२० ऑगस्ट, गुरुवार

दुकानवाल्या बाई गल्ल्यावरून उठल्या नाहीत, पान हातात घेतल्याबरोबर म्हणाल्या, बुरशी आहे. जुन्या, दाट झालेल्या वाफ्यात येते. हवा खेळत नाही, पाने ओली राहतात, खाली कुजका पाला असतो, तिथे ती बसते. जखम झालेल्या पानातून शिरते.

मग त्यांनी विचारले, पाणी कसे घालतोस, कधी घालतोस, कापतोस कधी. मी सविस्तर सांगितले, कारण माझ्याकडून काहीच राहिले नव्हते. पहाटे दवात कापतो, एकाच कात्रीने, मग पुसतो, एकाच फडक्याने, फाटकापासून खिडक्यांपर्यंत, रोज. संध्याकाळी वरून पाणी.

बाईंनी चष्मा काढून ठेवला.

“म्हणजे बाळा, रोग एका घरी आला होता. तू त्याला हात धरून घरोघर नेऊन सोडलास.”

गिऱ्हाइके उभी होती, त्यातला एकजण हसला. बाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो बाहेर गेला. त्यांनी मला पाणी दिले. मग एकेक गोष्ट सांगितली, मी लिहून घेतली. हे सगळे पाने पूर्ण कोरडी असतानाच करायचे. रोगट झुपके मुळासकट उपटायचे आणि पोत्यात भरून बाहेर टाकायचे, बागेत कुजवायचे नाहीत. बाकीची सतरंजी विरळ करायची, वीतभर अंतर सुटेल अशी. खालचा सगळा पाला दाताळ्याने ओढून काढायचा. दर झुपक्यानंतर कात्री स्पिरिटमध्ये बुडवायची. पाणी सकाळी, मुळाशी, झारीने. पुसणे बंद. त्यानंतर उरलेल्या चांगल्या झाडांवर तांब्याचे बुरशीनाशक फवारायचे, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. त्या म्हणाल्या, औषधाने मेलेले पान जिवंत होत नाही, फक्त पुढचे वाचते. खरा उपाय हवा आणि ऊन.

बुरशीनाशक हा शब्द डब्यावर बघून लिहिला आहे. अर्धे पैसे दिले, अर्धे उधार ठेवले.

येताना पुलाच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. सतरा दिवस पहाटे उठून मी हेच केले.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

भाऊजींना दुकानवाल्या बाईंचे सांगितले. माझी चूकही सांगितली. ती त्यांनी ऐकून घेतली. पण विरळणीचे नाव काढताच भडकले. अकरा वर्षांत त्या अंगणात कोणाला बोटभर माती दिसलेली नाही, आणि आता दुकानात बसलेली बाई सांगते म्हणून केस उपटल्यासारखी उपटायची का. पाला कधी काढला नाही, पाल्याचंच खत होतं. मी म्हणालो, त्या म्हणतात पाल्यातच बुरशी राहते. ते म्हणाले, मग तिच्याकडेच राहायला जा.

माझ्याशी बोलणे बंद केले. ताटात मात्र काही ठेवले नाही.

२२ ऑगस्ट, शनिवार

आज एका आजींची पट्टी अंगणात सोडली. नर्सने नेहमीप्रमाणे विचारले, आजी, समोर काय दिसतंय. आजींनी बराच वेळ बघितले आणि म्हणाल्या, “तपकिरी.”

“हिरवं दिसतंय ना?”

“हिरवं असतं तर हिरवं म्हटलं असतं.” त्यांना वाटले ऑपरेशन फसले. मुलगा डॉक्टरांना बोलवायला धावला. नर्सने मला हाक मारून आजींसमोर उभे केले, कारण माझा शर्ट हिरवा होता. आजी म्हणाल्या, हे हिरवं. मग समोरचं काय आहे? मी सांगितले, तेही हिरवंच होतं, आजी. तुमचे डोळे चांगले आहेत.

दुपारी मॅनेजरांनी आत बोलावले. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, एक कंपनी अंगणात पांढरे दगड पसरून द्यायला तयार आहे, पाणी नको, माळी नको. आजपर्यंत मी नाही म्हणत आलो. नऊ सप्टेंबरला मी अंगण बघेन, तेव्हा काय ते ठरवू.

घरी सगळे सांगितले. ताईने ताट वाढले. जेवता जेवता, माझ्याकडे न बघता भाऊजींनी विचारले, “वीतभर म्हणजे कोणाची वीत? त्या बाईची की तुझी?”

२६ ऑगस्ट, बुधवार

सोमवारपासून ऊन आहे. अकरा वाजेपर्यंत काही करत नाही, पाने वाळायची वाट बघत बसतो. हे बसणे पुसण्यापेक्षा अवघड आहे. मग उपटतो. एक झुपका, कात्री स्पिरिटमध्ये, दुसरा झुपका, कात्री स्पिरिटमध्ये. पहारेकरी विचारतो, ऑपरेशन आत चालतं की बाहेर.

दाताळ्याने पाला ओढला तर खालून अकरा वर्षांचे निघाले. काळे, ओले, जाड. त्यात एक चष्मा सापडला, एक काच असलेला. ऑफिसात नेऊन दिला.

संध्याकाळपर्यंत अंगणाचा मधला भाग उघडा पडला. नुसती माती. बघवत नाही. हातांना स्पिरिटचा वास, जेवणालाही तोच वास येतो. पोती उचलताना पाठीत उसण भरली, ती कोणाला सांगितली नाही, घरात एक पाठ पुरे.

३१ ऑगस्ट, सोमवार

पहिली फवारणी शुक्रवारी झाली. तोंडाला रुमाल बांधून, वारा नसताना, पानांच्या खालच्या बाजूनेही. पाने निळसर दिसतात.

भाऊजी रोज पान मागतात. तेही एक नाही, तीन ठिकाणची तीन, वेगवेगळ्या कागदांत. मला हातपाय धुवायलाही वेळ देत नाहीत. काल भिंतीला धरून दारापर्यंत आले आणि जिन्यातच माझ्या हातातून कागद घेतले. मी म्हणालो, अहो, मी आणतोच आहे ना आत. तेवढाही धीर नाही. खिडक्यांखालच्या पानावर एक नवा डाग होता, त्यावरून अर्धा तास बोलणी ऐकली. फवारा मागून मारलास का, पंपाचं तोंड बदललंस का, जुनं तोंड थेंब टाकतं, धुकं टाकत नाही. पंपाचे तोंड मी खरेच बदलले नव्हते. मी फार थकलो आहे.

५ सप्टेंबर, शनिवार

पाच दिवसांत एकही नवा डाग नाही. काळ्या खोडांच्या बुडातून बोटाच्या पेराएवढे फिकट हिरवे कोंब आले आहेत. मी जमिनीवर पालथा पडून मोजले, पहारेकऱ्याने विचारले, पडलास की झोपलास.

घरी जिन्यातूनच सांगत आलो, एकही नाही. भाऊजींनी तिन्ही पाने दिव्याखाली बघितली. “छान,” म्हणाले आणि आडवे झाले. जेवताना उठवले तर म्हणाले, भूक नाही.

मी भांडी विसळत होतो तेव्हा ताई मागे येऊन उभी राहिली. “एखादा तरी असेल ना रे,” ती म्हणाली. “नीट बघितलंस का? फाटकापाशी, कोपऱ्यात?”

मी म्हणालो, ताई, पोटावर झोपून बघितलं, एकही नाही.

“पुन्हा बघ,” ती म्हणाली, जणू माझे काही चुकले आहे. या घरात वाईट बातमी आणली तर बोलणी, चांगली आणली तरी बोलणी. मला कळत नाही मी काय करायला हवे.

७ सप्टेंबर, सोमवार

दुसरी फवारणी झाली. निरोगी कोपऱ्यातून मुळासकट रोपे काढून उघड्या मातीत लावली. दोरी बांधून, ओळी सरळ, अंतर सारखे. फार सुरेख दिसते. ताईला सांगितले. भाऊजी पडल्या पडल्या ऐकत होते.

९ सप्टेंबर, बुधवार

मॅनेजर दहा वाजता अंगणात आले. हात मागे बांधून एक फेरी मारली.

“मला माती दिसते आहे,” ते म्हणाले.

मी सांगायला सुरुवात केली. पुढचे मागे झाले. फवारणी आधी आणि उपटणे नंतर असे काहीतरी सांगून बसलो. मग वही काढली आणि त्यातून वाचले. ते ऐकत होते. शेवटी वाकून एका काळ्या खोडाचा कोंब बघितला, बोट लावले नाही. विचारले, भरायला किती दिवस. मी म्हणालो, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. हे खरे आहे, दुकानवाल्या बाईंना विचारून घेतले होते. कमी सांगायला हवे होते का, असे नंतर वाटले.

मग ते म्हणाले, “काम तू करतोयस. कंत्राट तुझ्या नावावर करू का? तुझे भाऊजी काही परत येतील असं वाटत नाही.”

घराचे भाडे, ताई, सगळे डोळ्यांपुढे आले. हो म्हणणारच होतो. तेवढ्यात त्यांनी विचारले, “पुढच्या वर्षी पुन्हा आलं तर काय करशील?”

आणि मला उत्तर आले नाही. हेच पुन्हा करीन, एवढेच सुचले. वर्षभराचे कोणते ऋतू, कधी विरळ करायची, कोणत्या फांद्या काढल्या तर ऊन खाली येईल, यातले मला काही ठाऊक नाही. मी म्हणालो, साहेब, ते मला सांगता येणार नाही. भाऊजींना येईल. मी फक्त हात आहे.

ते म्हणाले, “मग त्यांना सोमवारी इथे घेऊन ये. स्वतः येऊन, अंगण बघून, मला उत्तर देऊन सही करायची. घरी कागद पाठवणार नाही. नाही आले तर मंगळवारी दगडवाल्यांना बोलावतो.”

मी सगळे घालवले असे वाटते.

संध्याकाळी ताईला बाहेरच गाठून सांगितले. मला वाटले ती कपाळाला हात लावेल. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि रस्त्यातच रडायला लागली. मी म्हणालो, माफ कर, हो म्हणायला हवं होतं मी. ती नुसती मान हलवत राहिली. हो म्हणत होती की नाही, ते समजले नाही.

भाऊजींना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मी कसला येतोय. तूच कर सही, गाढवा.”

मी म्हणालो, मला उत्तर आलं नाही.

“काय विचारलं त्यांनी?”

मी प्रश्न सांगितला. ते म्हणाले, एवढं सोपं येईना तुला. मग बोलायला लागले. पूर्वेकडच्या झाडाची खालची फांदी काढायची, दर तीन वर्षांनी निम्मी सतरंजी विरळ करायची, आलटून पालटून, एका वर्षी भिंतीची बाजू, एका वर्षी बाकांची. थांबेचनात. ताई दाराशी उभी होती, मग आत गेली. थोड्या वेळाने इस्त्रीचा वास आला.

१४ सप्टेंबर, सोमवार

शुक्रवार, शनिवार, रविवार भाऊजी काठी घेऊन खोलीत फेऱ्या मारत होते. मला म्हणाले, बघत बसू नकोस, माकडाचा खेळ नाही.

आज भाड्याच्या गाडीने गेलो. ताईने दुकानातून सुट्टी घेतली. रस्त्याकडच्या मोठ्या फाटकापासून अंगणापर्यंत माझ्या एरवी साठ पावलांचे अंतर आहे, त्यांनी तीनदा थांबून पार केले. पहारेकरी खुर्चीवरून उठला आणि नमस्कार करून म्हणाला, काय कंत्राटदार, आम्हाला वाटलं तुम्ही दगड झालात. भाऊजी म्हणाले, व्हायला आलो होतो.

बाकावर बसून त्यांनी सगळे अंगण नजरेखालून घातले. उघडी माती, कोंब, काळी खोडे. मला वाटले आता त्यांना सोसणार नाही. मॅनेजर येऊन उभे राहिले तरी त्यांचे लक्ष नव्हते. शेवटी काठीने माझ्या नव्या रोपांकडे दाखवून म्हणाले, “हे काय आहे?”

मी म्हणालो, नवी लावणी.

“वहीच्या ओळी आहेत का रे? शाळेतून पळालास तरी सुटली नाही. झाड असं लावतात? बाकावरून ओळ दिसते, उन्हाळ्यापर्यंत दिसत राहणार. पट्टी सुटलेल्या माणसाला काय, पाढे वाचायला द्यायचे का?”

मॅनेजर हसले. मी त्यांना इतक्या वर्षांत हसताना बघितले नव्हते. भाऊजी उठले, ताईने हात पुढे केला तो बाजूला केला, काठी टेकत वाफ्यात उतरले आणि एका रोपाशी वाकले. वाकताना तोंडातून आवाज आला. रोप उपटून हातभर तिरके लावले. मग दुसरे. तिसऱ्याला मला म्हणाले, “आता तू. आणि दोरी खिशात घाल.”

मॅनेजरांचा प्रश्न त्यांनी बाकावर बसून, घाम पुसत पुसत सोडवला. पूर्वेची फांदी, आलटून पालटून विरळणी, सगळे. सही केली. कंत्राट सहा महिन्यांचे मिळाले, वर्षाचे नाही. माती भरली तर पुढचे बघू, असे मॅनेजर म्हणाले.

घरी येईपर्यंत भाऊजींचे पाय सुजले होते. ताईने गरम पाण्यात ठेवले. ताई मधूनच हसत होती, एकटीच. मला जेवणही गेले नाही, इतका थकलो आहे. हिशेब लिहून झोपतो.

खर्च: बुरशीनाशक दोन डबे ६४०, दाताळे ३५०, स्पिरिट १२०, पंपाचे नवे तोंड ९०, गाडीभाडे जाऊन येऊन ३००. एकूण १५००.

देणे: दुकानवाल्या बाईंना ३२०, ताईला ६००, आणि सरळ ओळींमुळे एक दिवसाची मजुरी फुकट गेली म्हणून भाऊजींनी लावलेला दंड २००. एकूण ११२०.

दंड मला अन्यायाचा वाटतो. ताईला दाखवला, वाटले ती माझी बाजू घेईल. ती म्हणाली, देऊ नकोस, भांड त्यांच्याशी, रोज थोडं थोडं भांड. दोनशेसाठी इतके भांडणे मला पटत नाही. पण ताईने सांगितले आहे तर उद्या विषय काढतो.